घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिनिस्ट्रेटर कोण?

पोस्टिंग कुठलीही असो, युनिटमध्ये ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, घरी जुना कॉम्प्युटर आहे. त्यातल्या एका फोल्डरला पासवर्ड लावायचाय. कसा लावू?" अंबाल्याला हा प्रश्न आला, सिकंदराबादला आला, इथे जबलपूरलाही येतो. विचारणारा कधी नुकतंच लग्न झालेला नायक असतो, कधी पेन्शनला सहा महिने उरलेला सुभेदार. गावाकडच्या निवृत्त मंडळींचे फोनही याच कारणासाठी येतात.

मी आधी उलट विचारतो, "कोणापासून लपवायचंय?"

इथे समोरचा जरा घुटमळतो. मग उत्तर येतं, ते साधारण तीनपैकी एक असतं. "पोरं गेम खेळता खेळता काहीही डिलीट करतात." किंवा, "घरी पाहुणे असतात, दुरुस्तीवाला येतो, कोणी काय उघडेल सांगता येत नाही." आणि तिसरं जरा हळू आवाजात, "काही नाही साहेब, आपला हिशेब आहे. घरी कळलं की उगाच कटकट."

या तिघांना एकच कुलूप चालत नाही. पहिल्याला कुलूपच नको, त्याला कॉपी हवी. दुसऱ्याला खरं, मजबूत कुलूप हवं. तिसऱ्याचं काम कॉम्प्युटरचं नाहीच, त्याबद्दल पुढे बोलतो. पण तिघांनाही लागू पडणारं माझं एक मत आहे आणि ते मी आधीच सांगून टाकतो. वर्षातले नऊ-दहा महिने जो माणूस घरी नसतो, त्यानं घरच्या कॉम्प्युटरचा ॲडमिनिस्ट्रेटर होऊ नये. तो अधिकार जो घरी राहतो त्याचा, म्हणजे बहुतेक घरांत आपल्या बायकोचा. हे ऐकून बरेच जण हसतात, काही जण रागावतात. म्हणून कारणं नीट मांडतो.

आधी हे जुने कॉम्प्युटर म्हणजे काय ते पाहू. फौजी घरातला कॉम्प्युटर लवकर म्हातारा होतो आणि उशिरा निवृत्त होतो. पंधरा वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेला असतो. दर दोन-तीन वर्षांनी गोधडीत गुंडाळून, लाकडी खोक्यात बसवून ट्रकवर चढतो. राजस्थानात त्यात धूळ भरते, आसामात बुरशी धरते. तरी तो चालतो, कारण त्यात फोटो आहेत, मुलीच्या पहिलीच्या गॅदरिंगचा व्हिडिओ आहे, पगाराच्या स्लिपा आहेत. आतली विंडोज मात्र जुनीच असते. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ला थांबले, विंडोज सेव्हनचे १४ जानेवारी २०२०ला आणि टेनचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. कंपनीच्या लेखी जो कॉम्प्युटर पेन्शनीत गेला, तो आपल्या घरी अजून ड्यूटीवर आहे.

त्यात फोल्डरला कुलूप लावायच्या ज्या युक्त्या हातोहात फिरतात, त्यातल्या बऱ्याच युक्त्या म्हणजे दाराला लावलेला पडदा. फोल्डर 'हिडन' करून ठेवला की तो दिसत नाही, एवढंच. एका टिकमार्कनं तो पुन्हा दिसतो आणि ती टिक कुठे करायची हे सातवीतल्या पोराला ठाऊक असतं. दुसरी युक्ती बॅच फाइलची. नोटपॅडमध्ये दहा-बारा ओळी उतरवायच्या, फाइल चालवली की फोल्डर गायब, पुन्हा चालवून पासवर्ड टाकला की हजर. बराकीत हे पाहून लोक खूश होतात. पण त्या फाइलवर उजवी क्लिक करून 'एडिट' म्हटलं, की तुमचा पासवर्ड साध्या अक्षरांत समोर लिहिलेला सापडतो. किल्ली कुलपाच्याच खिळ्याला टांगून ठेवल्यासारखं आहे हे.

विंडोज ९८ ज्यांनी वापरली त्यांना आठवत असेल, सुरुवातीला पासवर्डची चौकट यायची आणि घरच्या साध्या मशीनवर 'कॅन्सल' दाबलं तरी डेस्कटॉप उघडायचा. ती चौकट पहाऱ्यासाठी नव्हतीच. ज्याची त्याची सेटिंग वेगळी राहावी एवढाच तिचा उपयोग होता. कोणता फोल्डर कोणी उघडावा याची नोंद ठेवायला त्या काळच्या घरगुती डिस्कवर जागाच नव्हती. डिस्क ज्या पद्धतीनं आखलेली असायची तिला फॅट म्हणतात. या पद्धतीत फाइलचं नाव, आकार, तारीख एवढं लिहिलं जातं, मालक कोण ते लिहिलं जात नाही.

एक्सपीपासून घरोघरी एनटीएफएस नावाची दुसरी आखणी आली. तिच्यात प्रत्येक फोल्डरबरोबर एक यादी असते: मालक कोण, कोण वाचू शकतो, कोण बदल करू शकतो. एक्सपीत स्वतःच्या खात्यातल्या फोल्डरवर 'हा फोल्डर खाजगी करा' अशा अर्थाची एक टिक होती. डिस्क फॅटमध्ये आखलेली असेल तर ती टिक चालायची नाही. एक्सपीच्या होम आवृत्तीत 'सिक्युरिटी'चा टॅब नेहमी दिसायचा नाही, एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये गेलं तरच दिसायचा. आणि त्याच सेफ मोडमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' नावाचं एक मूळ खातं हजर असायचं, ज्याला कोणी मुद्दाम लावला नसेल तर पासवर्डच नसायचा. पुढच्या दाराला दोन कड्या आणि मागचं दार नुसतं लोटलेलं, असा तो प्रकार. विस्टा आणि सेव्हनमध्ये हा टॅब होम आवृत्तीतही सरळ मिळाला. तिथे एक काळजी घ्यायची. 'एव्हरीवन'समोर 'डिनाय'ची टिक करू नका. एव्हरीवनमध्ये तुम्ही स्वतःही येता.

आता ही यादी पाळतो कोण? चालू असलेली विंडोज. आपल्या भाषेत सांगायचं तर यादी संतरीच्या हातात आहे. संतरी गेटवर उभा आहे तोवर यादीत नाव नसलेला आत येत नाही. पण संतरीच बदलला तर? कॉम्प्युटर पेन ड्राइव्हमधल्या लिनक्सवर चालू केला, किंवा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, की नवा संतरी जुनी यादी मानायला बांधील नसतो. आणि मशीन न उघडतासुद्धा, ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं आहे तो 'मालकी माझ्याकडे घ्या' असा हुकूम देऊन कोणताही फोल्डर उघडू शकतो. हा दोष समजू नका. ती सोय मुद्दाम ठेवलेली आहे, कारण घरात कोणीतरी एक असा लागतोच जो अडलेलं दार उघडेल.

खरं कुलूप वेगळं असतं. त्यात फाइलचा मजकूरच पासवर्डच्या आधारानं गुंतागुंतीच्या आकड्यांत बदलून ठेवतात. डिस्क कुठेही न्या, कोणताही संतरी आणा, पासवर्डशिवाय हाती लागतो तो निव्वळ कचरा. याला एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोजनं ते दिलं, पण घरगुती आवृत्तीत दिलं नाही. एक्सपीत प्रोफेशनल हवी, होम चालत नाही. सेव्हनमध्येही फोल्डर एन्क्रिप्ट करायला प्रोफेशनल किंवा त्यापुढची हवी, आणि अख्ख्या डिस्कचं बिटलॉकर फक्त अल्टिमेट आणि एंटरप्राइजमध्ये. आपल्या घरच्या मशीनवर बहुधा होमच असते. मात्र सेव्हन-झिप नावाचं फुकट सॉफ्टवेअर एक्सपीवरसुद्धा चालतं. त्यात फाइलींची एक पेटी बनवून तिला एईएस-२५६ पद्धतीचं कुलूप लावता येतं. 'फाइलींची नावंही लपवा' अशी टिक त्यात आहे, ती करायला विसरू नका, नाहीतर पेटी बंद असूनही आतल्या फाइलींची यादी बाहेरून वाचता येते. आणि पेटी बनवल्यावर मूळ फाइली तशाच बाहेर पडून राहिल्या तर सगळी मेहनत वाया.

एवढं कळलं की प्रत्येकाला वाटतं, प्रश्न मिटला. मला मात्र इथूनच खरा प्रश्न सुरू होतो असं वाटतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनिटमधला एक हवालदार सुट्टीवर असताना हृदयविकारानं गेला. हुशार माणूस, टापटिपीचा. त्याच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, दोन मुलांसह सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहत होत्या. सगळं आवरून गावी जायच्या आधी त्यांनी निरोप पाठवला की कॉम्प्युटरमध्ये साहेबांचे कागद आहेत, ते उघडत नाहीत. मी आणि एक तरुण जवान गेलो. एक फोल्डर कुठल्याशा फुकटच्या 'लॉक' प्रोग्रामनं बंद केलेला होता. त्या पोरानं पेन ड्राइव्ह लावला, लिनक्स चालू केलं आणि दहा मिनिटांत फोल्डर उघडला. आत फोटो होते, भरती झाल्यापासूनचे. आणि एक सेव्हन-झिपची फाइल होती, नाव 'हिशेब'. तिला पासवर्ड होता.

वहिनींनी मुलांच्या जन्मतारखा सांगितल्या. आम्ही सर्व्हिस नंबर टाकला, गावाचं नाव टाकलं, लग्नाची तारीख टाकली, कुलदैवताचं नाव टाकलं. दुपारपासून रात्रीपर्यंत बसलो. ती फाइल उघडली नाही. ती कॉपी करून वहिनींना पेन ड्राइव्हमध्ये दिली आणि माझ्या माहितीप्रमाणे ती आजही तशीच बंद आहे.

सरकारी बाजू अडली नाही, हे इथे सांगायला हवं. फॅमिली पेन्शन, ग्रुप इन्शुरन्स, फंड, या सगळ्याचे नॉमिनेशन रेकॉर्ड ऑफिसकडे होते. फौजेनं प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्याच ठिकाणी ठेवलेली असते. अडलं ते घरचं. कोणत्या विम्याचे हप्ते चालू होते, पोस्टात किती होते, गावाकडच्या प्लॉटचे पैसे कोणाला किती दिले, कोणाकडून किती येणं होतं. देणारे दारात आले, घेणारे कोणी फिरकले नाहीत. वहिनींना प्रत्येकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं, कारण त्यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

त्या माणसानं लावलेल्या दोन कुलपांकडे पाहा. पहिलं कुलूप चोराला दहा मिनिटंही अडवू शकलं नसतं. दुसरं चोराला कायमचं अडवतं, पण त्यानं बायकोलाही कायमचं अडवलं. तांत्रिकदृष्ट्या दुसरं कुलूप उत्तम होतं. त्यात उणीव एकच होती, की किल्ली एकट्याच्या डोक्यात होती.

यावर मोठमोठ्या कंपन्याही अडखळल्या आहेत. जुलै २००६मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीसाठी 'प्रायव्हेट फोल्डर' नावाचा छोटा प्रोग्राम फुकट दिला. पासवर्ड लावा, फोल्डर बंद. घरगुती माणसाला हवं होतं अगदी तेच. काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. ऑफिसांमधले सिस्टीम सांभाळणारे लोक ओरडले, की कर्मचारी पासवर्ड विसरला किंवा निघून गेला तर त्या फाइली आम्ही उघडायच्या कशा? ऑफिसनं हा प्रश्न वेळेवर विचारला. आपण घरी तो विचारत नाही.

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न फौजीला सुचायला हवा सर्वांत आधी. कोतचं कुलूप घ्या. किल्ली कोणाकडे आहे, कधी दिली, कधी परत आली, याची रजिस्टरमध्ये सही असते. कोत एनसीओ सुट्टीवर गेला म्हणून पलटणीची हत्यारं अडकून पडत नाहीत. स्टोअर असो, मेस असो, गाडी असो, माणूस बदलला की हँडिंग-टेकिंग होतं. आपण सुट्टीवर निघताना एका टॉर्चचा चार्ज सही करून देतो. आणि घरातून ड्यूटीवर निघताना, जिथून परत यायची खात्री कोणी देऊ शकत नाही, तिथून निघताना घरच्या हिशेबाचं हँडिंग-टेकिंग करत नाही.

म्हणून म्हणतो, ॲडमिनिस्ट्रेटर घरी राहणाऱ्याला करा. आपल्याला वर्षाची ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची आकस्मिक रजा, तीही मिळाली तर. फिल्डमध्ये असताना घरी कॉम्प्युटर अडला की काय होतं? ती फोन करते, नेटवर्क नसतं. लागला तर आपण पोस्टवरून 'स्टार्टवर जा, उजव्या बाजूला बघ' असं सांगत बसतो. शेवटी ती मशीन दुकानात पाठवते आणि दुकानदार विचारतो, पासवर्ड काय? म्हणजे जो पासवर्ड आपण बायकोला सांगितला नाही, तो दुरुस्तीवाल्या अनोळखी मुलाला फोनवर सांगतो. हे मी तीन स्टेशनांत पाहिलंय.

यावर पहिला आक्षेप येतो, "तिला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" जी बाई एकटीनं क्वार्टर खाली करते, ट्रक भरून घेते, दोन मुलांची दाखले-फी-पुस्तकं नव्या राज्यात, नव्या भाषेत उभी करते, बँकेचा ओटीपी सांभाळते, सासऱ्यांचा हयातीचा दाखला 'स्पर्श'वर भरून देते, तिला 'नवीन खातं उघडा' हे बटण दाबता येणार नाही? शिकवायला अर्धा तास लागतो. बायका शिकत नाहीत असं नाही. आपण खुर्चीवरून उठत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. "मग माझं खाजगी काय राहिलं?" खाजगी राहायला हवं, आणि ते प्रत्येकाचं राहायला हवं. जुन्या मित्राची पत्रं, स्वतःची डायरी, हे कोणीही उघडून वाचू नये, बायकोनंही नाही. तसंच तिच्या बहिणीशी झालेलं बोलणं आपण वाचू नये आणि सोळा वर्षांच्या मुलीचा फोल्डरही उघडू नये. त्यासाठी प्रत्येकाचं वेगळं खातं करावं. एक्सपीत याला 'लिमिटेड' म्हणतात, विस्टापासून 'स्टँडर्ड'. एक्सपी बसवताना जी खाती तयार होतात ती सगळी मुळात ॲडमिनिस्ट्रेटरच असतात, ते बदलावं लागतं. इथे यादीवालं साधं कुलूप पुरेसं आहे. घरच्यांमध्ये दाराची कडी लावलेली दिसली की माणूस दार वाजवतो, एवढाच त्या कुलपाचा अर्थ. ॲडमिनिस्ट्रेटरला मनात आणलं तर ते उघडता येतं, हे खरं. पण ज्या घरात नवरा-बायकोला एकमेकांवर एवढाही भरवसा नाही, तिथे कोणतंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

आणि आता तो हळू आवाजातला तिसरा माणूस. वीस वर्षांत मी एवढं पाहिलंय, की घरच्या कॉम्प्युटरवर बायकोपासून लपवलेल्या फोल्डरमध्ये बहुतेक वेळा पैशाचा हिशेब असतो. भावाला दिलेले दोन लाख, मित्राच्या कर्जाला दिलेली जामिनकी, बुडालेली एखादी स्कीम. शरम वाटते, भांडण नको असतं, हे मला कळतं. पण ते कर्ज तुमच्याबरोबर मिटत नाही. ते तिच्या दारात येतं. ज्या गोष्टीचे परिणाम तिला भोगायचे आहेत, ती गोष्ट तिच्यापासून कुलूपबंद ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. इथे माझं मत अगदी ठाम आहे, आणि या माणसाला मी पासवर्ड लावून देत नाही.

मुलांचं काय? मुलांनी फाइल डिलीट करू नये म्हणून फोल्डर बंद करणं हा उलटा उपाय आहे. मुलांचं खातं लिमिटेड ठेवा. फोटो आणि कागदांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क कपाटात ठेवा. म्हातारी डिस्क एक दिवस आपोआपही बंद पडणार आहे, तेव्हाही हीच प्रत कामाला येईल. इंटरनेटवर मुलं काय पाहतात ही काळजी वेगळी, तिचा फोल्डरशी संबंध नाही. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत ठेवा आणि मुलांशी बोलत राहा. खरं तर ज्या विंडोजला आता अपडेट मिळत नाहीत ती इंटरनेटला जोडूच नये. तिला फोटो, हिशेब, टायपिंग एवढ्यावर ठेवा. बँकेचं काम तिच्यावर करू नका.

एक गोष्ट मात्र अशी आहे की तिला कुठलंच कुलूप चालत नाही. ऑफिसचा कागद. ड्यूटी रोस्टर, नॉमिनल रोल, नकाशाचा तुकडा, कोर्सची टिपणं, "घरी बसून टाइप करतो" म्हणून आणलेलं पत्र. जुलै २०२०मध्ये सैन्यानं ८९ ॲप मोबाइलमधून काढायला सांगितली तेव्हा सगळ्यांनी फोन तपासले. कोपऱ्यात कव्हर घालून ठेवलेला कॉम्प्युटर कोणी तपासला नाही. शासकीय गुपिते अधिनियम १९२३चा आहे, तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, पण कागद घरी नेऊ नये हे तेव्हाही ठरलेलं होतं. अशा फाइलीला मजबूत पासवर्ड लावून ती सुरक्षित होत नाही. ती तिथे असताच कामा नये. निवृत्त मंडळींनीही एकदा आपली जुनी मशीन या नजरेनं बघावी. एखादा फोल्डर वीस वर्षांपासून गावाकडच्या माळ्यावर पडून असू शकतो.

माळ्यावरून आठवलं. मशीन विकताना किंवा भंगारात देताना फाइली डिलीट करून भागत नाही. डिलीट केल्यावर फक्त जागेवरची पाटी निघते, सामान तिथेच असतं. घाईघाईत केलेल्या 'क्विक फॉरमॅट'नंही तेच होतं. चार स्क्रू काढून डिस्क घरी ठेवा आणि बाकीचा डबा द्या. भंगारवाला भाव थोडा कमी देईल.

आता हँडिंग-टेकिंगची पद्धत, जी मी आमच्याकडे सांगतो. घराच्या हिशेबाची एक फाइल बनवायची. त्यात विमा, पोस्ट, बँक, कर्ज, देणं, येणं, पीपीओचा नंबर, ईसीएचएसचं कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता. ती सेव्हन-झिपच्या पेटीत बंद करायची, कारण मशीन दर पोस्टिंगला नव्या दुरुस्तीवाल्याच्या हातात जाते. पासवर्ड नवरा-बायको दोघांना पाठ हवा. शिवाय तो कागदावर लिहून, लिफाफ्यात बंद करून, वर तारीख टाकून, लग्नाच्या दाखल्याबरोबर लोखंडी ट्रंकेत ठेवायचा. कागदावर पासवर्ड लिहू नये असं ऑफिसात शिकवतात आणि ते तिथे बरोबर आहे. घरात, ट्रंकेच्या तळाशी, तो कागद असणं जास्त शहाणपणाचं. फक्त कॉम्प्युटर आणि ट्रंक एका खोलीत नसावेत. पासवर्ड बदलला की लिफाफा बदलायचा. आणि वर्षातून एकदा, सुट्टीत, तिनं एकटीनं ती फाइल उघडून दाखवायची. आपण पाहत बसायचं, हात लावायचा नाही. जी किल्ली कधी लावून पाहिली नाही तिच्यावर कोणता गार्ड कमांडर विश्वास ठेवेल?

या सगळ्याला एक दुपार लागते. पुढच्या सुट्टीत चौथ्या-पाचव्या दिवशी, पाहुण्यारावळ्यांकडे जाऊन झालं की, तिला खुर्चीवर बसवा आणि तुम्ही शेजारी स्टूल घ्या. तिच्या नावाचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं करा, पासवर्ड तिलाच ठरवू द्या. मग स्वतःचं खातं बदलून लिमिटेड करा. वाईट वाटून घेऊ नका. सुट्टीवर आलेला माणूस तसाही घरात लिमिटेडच असतो.